विमानाच्या दिवशीच ठेवलेली स्कूबा : परतावा मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : अंदमान सहलीतील स्कूबा डाइव्हचे पैसे परत न केल्याबद्दल तक्रार

महोदय,

फेब्रुवारीतल्या आपल्या सहा दिवसांच्या अंदमान सहलीत आम्ही तिघे होतो. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, नेमो रीफवर किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरून स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं) करायची, यासाठी आपण माणशी ४,५०० रुपये वेगळे घेतलेत. ते परत मागितल्यावर ‘ग्राहकाने ऐनवेळी नकार दिला, परतावा देय नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. ते साफ खोटं आहे.

सहाव्या दिवशी सकाळी सातला आम्ही किनाऱ्यावर हजर होतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने घरी महिनाभर नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यायचा सराव केला होता. तिचा वेटसूट कमरेपर्यंत चढलाही होता. तेवढ्यात आमचे आरोग्याचे फॉर्म चाळता चाळता प्रशिक्षकाने विचारलं, "फ्लाइट कब है?" आज सव्वातीनला, म्हटल्यावर त्याने फॉर्म मिटले. मुलगी वाळूत बसून तो ओला, घट्ट सूट एकेक पाय ओढून काढत होती. एक शब्द बोलली नाही.

कारण आपल्याला माहीत असायला हवं होतं. पाण्याखाली दाबाची हवा घेतली की शरीरात नायट्रोजन विरघळतो. दहा मीटरवरच दाब दुप्पट असतो. हा नायट्रोजन निघून जायच्या आत विमानात बसलं, तर केबिनमधल्या कमी दाबाने अंगातच त्याचे घातक बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या तर १८ तास विमान टाळा, असं ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ ही डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी संस्था सांगते. आम्हाला मिळत होते जेमतेम सात. आपले टूर मॅनेजर म्हणाले, "एवढं काही होत नाही हो, सगळे करतात." बहुतेकांना होत नसेलही. पण तो जुगार मी पोरीवर का खेळू?

बरं, वेळ नव्हता असंही नाही. आदल्या सकाळी आम्हाला कालापत्थरच्या किनाऱ्यावर दीड तास शहाळी पीत बसवलं होतं. हे दोन कार्यक्रम नुसते उलटे केले असते तरी भागलं असतं.

तरी तिघांचे १३,५०० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करणार आहे. आणि आपल्या वेबसाइटवर सहाव्या दिवसाचा कार्यक्रम आज सकाळीही तोच दिसला. पुढच्या तुकडीला निघण्याआधी फोन करून तो बदलल्याचं कळवा.

आपली,
एक प्रवासी, डोंबिवली

सोबत : पावती, छापील कार्यक्रमपत्रिका, विमानाची तिकिटं