बीरगंजमध्ये सापडलेल्या माझ्या गाडीच्या दाव्याबाबत तक्रार

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा दावे विभाग

दिनांक : 12 जून 2025

विषय : नाशिक जिल्ह्यातून चोरीला गेलेल्या व नेपाळमध्ये सापडलेल्या बोलेरोचा दावा सात महिने अडवून ठेवल्याबाबत.

महोदय,

काल आपल्या टोल फ्री क्रमांकावर सत्तावीस मिनिटे ताटकळल्यानंतर जे संभाषण झाले, त्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. माझे चारही ईमेल आपल्या दफ्तरी असतीलच. तरीही दर वेळी नवा माणूस फोन उचलतो आणि "नेमकं काय झालंय, सर?" असे विचारतो, म्हणून प्रकरण थोडक्यात पुन्हा मांडतो.

17 नोव्हेंबर 2024 च्या रात्री पिंपळगाव बसवंत येथील माझ्या घरासमोरून गाडी चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खाली गुन्हा दाखल झाला आणि त्याच दुपारी मी आपल्याला कळवले. आठवड्याभरात आरसी, पॉलिसी आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या आपल्या तपासनिसाच्या हाती दिल्या; त्याची सही असलेली पोच माझ्याकडे आहे. त्यानंतर दोन्ही किल्ल्या जमा करण्याविषयीचे पत्र मला तीन वेळा आले.

6 फेब्रुवारी 2025 रोजी पोलीस ठाण्यातून निरोप आला की, नेपाळमध्ये बीरगंज येथे पकडलेल्या एका गाडीचा चासी क्रमांक माझ्या गाडीशी जुळतो आहे. ही बातमी मी आनंदाने आपल्याला कळवली, आणि तीच माझी चूक झाली. तोवर आपण पोलिसांचा अंतिम अहवाल, म्हणजे न्यायालयाने मंजूर केलेली 'अ समरी', मागत होता. गाडीचा पत्ता लागल्यावर 'तपास लागत नाही' असे पोलीस लिहून देणार कसे? ते म्हणतात गाडी सापडली, त्यामुळे दाखला मिळत नाही. आपण म्हणता दाखला नाही, त्यामुळे दावा पुढे सरकत नाही. आणि ज्या गाडीवरून हे चालले आहे, ती परक्या देशातल्या पोलिसांच्या आवारात उभी आहे.

"गाडी सापडली आहे तर आपण ती घेऊन या," असे आपल्या कार्यालयाने सुचवल्यामुळे मी मार्चमध्ये, ऐन द्राक्षतोडणीत बाग मजुरांवर सोडून, रेल्वेने रक्सौलला आणि तिथून टांग्याने सीमेपलीकडे गेलो. नेपाळमध्ये त्या वेळी शंभराहून मोठी भारतीय नोट चालत नसल्याने शंभराच्या नोटांची गड्डी पिशवीत बाळगत मी दोन दिवस बीरगंजमध्ये फिरलो. गाडी पाहिली. पुढची नंबरप्लेट बदललेली होती, मागच्या काचेवरचे 'सप्तशृंगी माता प्रसन्न' खरवडताना चोराने अर्ध्यातच कंटाळा केला होता, आणि चालकाच्या आसनाखाली माझी छाटणीची कात्री गंजून पडली होती. ती कात्रीसुद्धा मला उचलू दिली नाही, कारण ती मुद्देमालात धरलेली आहे. तिथल्या अधिकाऱ्याने मला चहा पाजला आणि समजावून सांगितले की, भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, न भरता आत आलेली भारतीय गाडी चोरीचा माल तर असतेच, शिवाय जकात चुकवलेला मालही ठरते; त्यामुळे मालक म्हणून हजर झालेल्या माणसाच्या हाती ती देता येत नाही, भारताकडून सरकारी मार्गाने कागद यावे लागतात. जी गोष्ट त्यांनी दहा मिनिटांत सांगितली, ती आपल्या दावे विभागाला चार महिन्यांत उमगलेली नाही.

आता कालच्या फोनविषयी. आपल्या 'वरिष्ठ प्रतिनिधी'ने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, गाडी नेपाळला नेण्याआधी आपण कंपनीची परवानगी घेतली होती का?" मी शांतपणे सांगितले की गाडी मी नेली नाही, चोराने नेली. त्यावर उत्तर आले, "पण सर, पॉलिसीचं भौगोलिक क्षेत्र भारत आहे. गाडी क्षेत्राबाहेर गेली आहे ना?" मी म्हणालो, चोरी पिंपळगावात झाली, आणि पिंपळगाव माझ्या माहितीप्रमाणे अजून भारतातच आहे. "नेपाळसाठी वेगळं एंडॉर्समेंट लागतं, सर." मग पॉलिसीतली ही वाढीव तरतूद चोराने घ्यायला हवी होती का, असे मी विचारले; हा प्रश्न मी उपरोधाने विचारला होता, हे इथे स्पष्ट करतो. पलीकडे क्षणभर शांतता होती. नंतर उत्तर आले, "ॲपमध्ये तो पर्याय आहे, सर." पुढे त्यांनी चोरीच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचा वाहन परवाना अपलोड करण्यास सांगितले, आणि गाडी ओढून आणण्यासाठी पॉलिसीत 1,500 रुपयांची तरतूद असल्याची माहिती अगदी उदार स्वरात दिली. बीरगंज पिंपळगावाहून दीड हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे. फोन ठेवताच सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असे विचारणारा संदेश आला.

त्याहून कडी म्हणजे, 30 जूनला पॉलिसी संपत असल्याने गेल्या आठवड्यात आपण मला विनादावा वर्षाबद्दल अभिनंदन कळवून नूतनीकरणावर नो क्लेम बोनस देऊ केला आहे. जी गाडी माझ्या दारात नाही, जिचा कर्जाचा हप्ता बँक दरमहा न चुकता कापून घेते आणि जिच्या दोन्ही किल्ल्या (पुन्हा सांगतो, दोन्ही) आपल्या कपाटात आहेत, त्या गाडीचा मी विनादावा ग्राहक आहे!

भौगोलिक क्षेत्राची अट नुकसान कुठे घडले याविषयी असते, चोराने पुढे कुठवर मजल मारली याविषयी नाही, हे आपल्या कंपनीला मी शिकवावे अशी माझी योग्यता नाही. पॉलिसीत नमूद केलेली 8,14,000 रुपयांची विमा रक्कम मला द्यावी. गाडीवरचे माझे हक्क आपल्याला हस्तांतरित करण्याचे पत्र मी त्याच दिवशी सही करून देतो, आणि मग मालक या नात्याने बीरगंजहून गाडी आपण सवडीने आणावी. गाडी सापडल्यामुळे ती रक्कम देय नाही असे आपले म्हणणे असेल, तर गाडी परत मिळवण्याचा कागदोपत्री पाठपुरावा, खर्च आणि झालेले नुकसान आपण सोसत असल्याचे लेखी कळवावे. दोन्हींपैकी काहीच न करण्याचा पर्याय सात महिने वापरून झालेला आहे.

माझ्या वडिलांच्या पहिल्या ट्रॅक्टरपासून आमच्या घरची प्रत्येक पॉलिसी आपलीच होती, म्हणून आजवर थांबलो. हे पत्र पोचल्यापासून एका महिन्यात लेखी निर्णय न आल्यास मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन, आणि तिथेही दाद न मिळाल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार दाखल करीन. हा कायदा तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करू देतो, त्यामुळे या वेळी प्रवास आपल्याला करावा लागेल. उत्तर लेखीच पाठवावे. कृपया फोन करू नये.

आपला विमाधारक,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक

सोबत : किल्ल्यांच्या पोचपावतीची प्रत, चौथ्यांदा.