सभासदांस स्मरण : कार्तिक अमावास्येची बैठक

इंदूरमधील आपल्या आकाशदर्शन गटाची बैठक कार्तिक अमावास्येला सायंकाळी ७ वाजता नेहमीच्या गच्चीवर होईल, याची सर्व सभासदांनी कृपया नोंद घ्यावी. विषय विश्वाच्या आरंभाचा आहे.

‘महास्फोट (बिग बँग, म्हणजे विश्वाचा आरंभ) नेमका कुठे झाला?’ हा प्रश्न मागील वेळी अपुरा राहिला आणि तो टाळण्यासारखा नाही. कारण हा रिकाम्या जागेत एका ठिकाणी झालेला स्फोट नसून, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अत्यंत तप्त व दाट अवस्थेतून अवकाशच सर्वत्र प्रसरण पावू लागले, त्यामुळे त्याला केंद्र दाखवता येत नाही. पेन्झियस व विल्सन या शास्त्रज्ञांना १९६५ च्या सुमारास सर्व दिशांनी येताना आढळलेले, २.७ केल्व्हिन (सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस) तापमानाचे सूक्ष्मलहरी प्रारण (मायक्रोवेव्ह किरण) हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा होय. डॉ. जयंत नारळीकर यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेला, विश्वाला असा एकच आरंभ नसल्याचा पर्यायी विचारही आपण आदराने समजून घेऊ, कारण मराठी वाचकाला हे शास्त्र त्यांनीच आपलेसे करून दिले.

चर्चेनंतर देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच दूरचा तारकासमूह) पाहू. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. शहराच्या उजेडात ती नुसत्या डोळ्यांनी दिसणे कठीण असल्याने द्विनेत्री (दुर्बीण) असल्यास सोबत आणावी आणि विजेरीवर लाल कागद लावावा.