आमचा रायवळ आंबा छपरावरून उतरवून देणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

आबा आता रात्री झोपतात. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं.

वीज अजून आलेली नाही, रेंजही नाही. आबांची औषधं न्यायला आज दापोलीत आले आहे, तर इथेच उभ्याउभ्या लिहून टाकते. नाव घालू नका म्हणाला होतात, म्हणून घालत नाही. पण या पंधरवड्यात ज्यांच्या छपरावरून तुम्ही झाड उतरवलंत, ते वाचतील तेव्हा ओळखतील.

३ जूनचं निसर्ग वादळ अलिबागच्या खाली किनाऱ्याला लागलं, त्यामुळे बातम्यांत रायगडच जास्त. पण केळशी-आंजर्ल्यापासून आत मंडणगडापर्यंत काय झालंय ते तुमच्याइतकं कोणी पाहिलं नसेल. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट उपटले, पन्नास-साठ वर्षांची कलमं आडवी. आमच्या घरावर आजेसासऱ्यांच्या वेळचा रायवळ आला. अर्धी मुळं जमिनीत, अर्धी वर, खोड भिंतीवर टेकलेलं आणि सगळा विस्तार छपरावर. वासे मोडून कौलं ओटीवर आली होती, आढं वाकलं होतं. नवरा लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकलेला. घरात मी, सासूबाई आणि आबा.

आबांना अर्धांगवायू होऊन वाचा गेली, पण कळतं सगळं. त्यांची खाट आम्ही मागच्या स्लॅबच्या खोलीत हलवली. तिथे धोका नव्हता, पण वर फांदी जरा करकरली की ते चांगल्या हाताने खाटेची पट्टी धरायचे, ती बोटं सोडवता सोडवत नसत. रात्रभर डोळे उघडे.

तुमच्या आधी कोण कोण येऊन गेलं तेही लिहिते, कारण राग अजून गेलेला नाही. एकाने पेट्रोलला म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि परत तोंड दाखवलं नाही. दुसऱ्याने अंगणातूनच आकडा सांगितला, वर लाकूडही त्याचंच, आणि "संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, गिऱ्हाइकं खूप आहेत." मागच्या खोलीत माणूस पडून आहे म्हटलं, तर आत डोकावलाही नाही. पंचनाम्याला आलेले साहेब झाडाला हात लावू नका म्हणाले. पुढे काय करायचं ते सांगायला कोणी आलं नाही. आणि एकजण चार माणसं घेऊन आले, पडलेल्या झाडासमोर फोटो काढून घेतला आणि गेले. पाऊस तोंडावर होता, छप्पर उघडं होतं. याला काय म्हणायचं?

तुम्ही आलात ते पायीच, खांद्यावर मशीन, सोबत दोन पोरं. आल्या आल्या मशीन सुरू कराल असं वाटलं होतं. तुम्ही नुसते झाडाभोवती फिरत राहिलात. कुठली फांदी कशावर टेकलीय, भार कुठे आलाय, ते खाली वाकून, वर चढून बघितलंत. तारा मेलेल्याच आहेत असं सगळे सांगत होते, तरी "कोणी जनरेटर लावला असेल तर?" म्हणून वाडीत जाऊन विचारून आलात. मुळांच्या खड्ड्यात उभ्या राहिलेल्या पोराला ओरडून बाहेर काढलंत. तेव्हा मला कळलं नाही का ते. दुपारी खोड कापून सुटं झालं आणि तो एवढा थोरला मातीचा गड्डा धप्पकन उलटा खड्ड्यात जाऊन बसला, तेव्हा माझ्या पायातलं बळ गेलं.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही.

मशीन सुरू करायच्या आधी तुम्ही विचारलंत, "वहिनी, घरात कोण आहे?" मी सांगितलं. तुम्ही चपला काढल्यात, विहिरीवर पाय धुतलेत आणि आत येऊन आबांच्या खाटेशी उकिडवे बसलात. म्हणालात, "आबा, झाड उतरवायला आलोय. आता मशीनचा मोठा आवाज येईल, घाबरू नका. फांदी दोराने बांधून सोडणार, छपरावर काही पडणार नाही. प्रत्येक फांदीच्या आधी मी हाक मारीन. मग आवाज आला की समजायचं, ती अंगणात गेली."

आणि खरंच हाक मारलीत. "आबा, समुद्राकडची येतेय!" मग धप्प. "आबा, आता विहिरीकडची, मोठी आहे!" मग धप्प. मी त्यांचा हात धरून बसले होते. पहिल्या दोन-तीन फांद्यांना ते दचकले. नंतर हाक आली की मान त्या बाजूला वळवायला लागले, आवाजाची वाट बघायला लागले. पट्टीवरची बोटं कधी सुटली ते मलाही कळलं नाही. दुपारनंतर तुमचा घसा बसला तर पोरं हाका मारत होती. मनगटाएवढ्या फांदीलासुद्धा हाक चुकली नाही.

ज्या झाडाखाली त्यांचं बालपण गेलं ते कुठून कसं सुटतंय, हे त्यांना पडल्यापडल्या कळत होतं. वाचा गेल्यापासून येणारेजाणारे त्यांच्याविषयी आम्हाला विचारतात, त्यांना कोणी विचारत नाही. डॉक्टरसुद्धा नाही. तुम्ही त्यांना घरधनी म्हणून सांगितलंत. हे कुठे शिकवत नाहीत, आणि नसलं तर पैसे टाकून मिळत नाही. शिकलेली, हुद्द्यावरची माणसं रोज घरी येऊन जातात, त्यांच्यात मला हे दिसलेलं नाही.

चहाला बसलात तेव्हा तुमचे हात पाहिले. आंब्याच्या चिकाने कातडी काळी पडून सोललेली, मानेवर तांबड्या मुंग्यांचे चावे. तुमचा धाकटा पोरगा सांगत होता, मशीनच्या थरथरीने रात्री तुमची बोटं बधिर होतात, सकाळी ऊन पाण्यात धरल्याशिवाय मूठ वळत नाही. पेट्रोल, ऑइल, चेन सगळं तुमच्या पदरचं, पैसे झाडागणिक, आणि वरून पडलात तर विचारणारं कोणी नाही. ओल्या सालीवर तुम्ही फाटक्या रबरी चपलांनी चढत होतात. भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून चष्मा नाही, डोक्याला नुसता टॉवेल. लोकांच्या छपरावर काही पडू नये म्हणून एवढा जीव टाकणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काहीच नाही, हे मला बघवलं नाही. पावसाच्या आधी फांद्या छाटायला, वादळानंतर रस्ते मोकळे करायला सगळ्यांना तुम्हीच लागता. मग ज्यांच्यासाठी ही कामं करता त्या ठेकेदारांनी, ग्रामपंचायतींनी निदान हेल्मेट आणि विमा का देऊ नये? वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या हातात असेल तर करा.

ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत. लाकूडही नेलं नाहीत, "आबांचं आहे, छपराला उपयोगी पडेल तेवढं ठेवा" म्हणालात. ओंडके पडवीत ठेवलेत. छपरावर सध्या ताडपत्री आहे, पाऊस आत येत नाही. मुंबईहून हे आले की आधी कौलांचं बघतील.

तुमच्या गावच्या दूधवाल्याकडे एक पिशवी देतेय. गमबूट, हेल्मेट आणि डोळ्यांचा चष्मा आहे. बुटाचं माप अंदाजाने घेतलंय, अंगणातल्या चिखलात तुमचं पाऊल उमटलं होतं त्यावरून. घट्ट झाले तर दुकानदार बदलून देतो म्हणालाय, पावती आत ठेवली आहे. दुसऱ्या कोणाला देऊन टाकू नका, तुम्हीच घाला. पोरांचं माप कळवा, त्यांचेही घ्यायचे आहेत. गणपतीत तिघंही जेवायला या.

तुमची,
स्लॅबच्या खोलीतल्या आबांची सून
दापोली, जून २०२०