ठिणगी दिसत नसेल तर सोर्स नको, अंधार वाढवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विज्ञान पुरवणीत घरी करता येतील असे प्रयोग तुम्ही देता, ते मी आवडीनं वाचतो. त्यात स्पिंथॅरिस्कोपला एकदा जागा द्या ही विनंती, पण देताना एक गोष्ट ठळक सांगा, तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितोय. हे यंत्र बनवल्यावर पहिल्या रात्री काही दिसलं नाही की माणसाला वाटतं आपला किरणोत्सारी पदार्थ, म्हणजे सोर्स, कमी पडतोय, मग तो अजून जोरदार काहीतरी शोधायला लागतो, आणि धोका सुरू होतो तो तिथं. खरं तर कमी पडलेला असतो अंधार.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर किरणोत्सारी अणूतून सुटलेला अल्फा कण आदळला की त्या जागी प्रकाशाची एक बारीक ठिणगी उडते आणि ती भिंगातून दिसते, बास, इतकंच यंत्र आहे. बॅटरी नाही, सर्किट नाही. १९०३ मध्ये विल्यम क्रुक्स यांनी हे बनवलं, आणि त्याच वर्षी जर्मनीत एल्स्टर आणि गायटेल यांनाही ह्या ठिणग्या स्वतंत्रपणे दिसल्या होत्या. एक ठिणगी म्हणजे एका अणूचा ऱ्हास. सगळ्या प्रकाशाची बेरीज नाही, सरासरी नाही, एक अणू आत्ता फुटला आणि तो तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितला! किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरचा टिकटिक आवाज मीही ऐकलाय, पण तिथं मध्ये मशीन असतं, इथं मध्ये फक्त काच.

आता पडदा. चांदीचा अंश घातलेली झिंक सल्फाइडची पावडर सगळ्यात चांगली, तिची चमक निळसर असते आणि पटकन विझते. अंधारात चमकणारे हल्लीचे रंग किंवा स्टिकर घेऊ नका, कारण त्यात बहुतेकदा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं, ते तासन्‌तास स्वतःच उजेड देत बसतं आणि त्या उजेडात ठिणगी बुडून जाते. पारदर्शक चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर पावडर भुरभुरायची, पट्टी उलटी करून टिचकी मारायची, चिकटून राहील तेवढीच ठेवायची. जाड थर द्यायचा मोह होतो पण तो उलटा पडतो, अल्फा कण पावडरीत मिलिमीटरच्या काही शतांश भागापलीकडे जात नाही, म्हणजे वरचा जास्तीचा थर फक्त प्रकाश अडवत बसतो. पावडरीची बाजू सोर्सकडे, पट्टीची बाजू डोळ्याकडे, मध्ये दहापट भिंग पडद्यावर फोकस करून पक्कं बसवलेलं. सोर्स पडद्यापासून काही मिलिमीटरवर ठेवा, मध्ये कागद, काच, प्लास्टिक काहीही नको. आणि पडदा आदल्या रात्रीपासून डब्यात बंद करून ठेवा, उजेड लागला की तोही थोडा वेळ चमकत राहतो.

मग अंधार, जो सगळे उरकून टाकतात. डोळ्यातल्या मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, लाइट बंद केल्यावर दोन मिनिटांत जो अंधार वाटतो तो ठिणगीसाठी अंधारच नाही. मोबाइल एकदा चालू केला की परत पहिल्यापासून. चार्जरचा बारीक दिवा, दाराखालची फट, रेडियमचं म्हणून लावलेलं स्विचचं स्टिकर, सगळं झाकायचं. काही शोधायला उजेड लागलाच तर अगदी मंद लाल टॉर्च, कारण त्या पेशींना लाल रंग जवळपास दिसतच नाही. आणि सरळ रोखून बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा, नजरेच्या अगदी मधोमध त्या पेशी नसतातच. मँचेस्टरमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डच्या लॅबमध्ये गायगर आणि मार्सडेन हेच करायचे, अंधाऱ्या खोलीत बसून सूक्ष्मदर्शकातून एकेक ठिणगी मोजायची, डोळे थकले की थांबायचं. १९०९ साली त्यांना दिसलं की धातूच्या पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी साधारण आठ हजारांत एक मागे फिरतो, आणि त्यावरून १९११ मध्ये रदरफोर्डनी अणूला केंद्रक असतं हे मांडलं. म्हणजे अणूचं केंद्रक सापडलं ते अशाच अंधारात बसलेल्या डोळ्यांमुळे.

आता सोर्सबद्दल, आणि हे कृपया कापू नका. काही स्मोक डिटेक्टरमध्ये अमेरिशियम २४१ असतं, साधारण एक मायक्रोक्युरी, म्हणजे सेकंदाला सदतीस हजारांच्या आसपास अणू फुटतात. ऐकून वाटतं हाच घ्यावा. पण तो उघडून आतली चकती काढू नका, कित्येक देशांत तर कायद्यानंच मनाई आहे, आणि मनाई नसली तरी त्या चकतीवरचा धातूचा थर खरवडला गेला की पदार्थ बाहेर आलाच. अल्फा कण कागदानं अडतो, कातडीवरच्या मृत थरानं अडतो, पण तोच पदार्थ धूळ होऊन श्वासातून किंवा तोंडातून आत गेला की अडवायला काही उरत नाही. शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या तबकड्या रेडियमच्या चमकत्या रंगानं रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या आणि रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसलं, हे विसरायला नको.

त्याच जुन्या घड्याळांचा मोह आजही होतो, काटे आता चमकत नाहीत म्हणजे रेडियम संपलं असं वाटून लोक काच उघडतात. संपलेलं असतं त्या रंगातलं झिंक सल्फाइड, कणांचा मारा खाऊन ते निकामी होतं, रेडियम २२६ चा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, तर १६०० वर्षं आहे, ते जवळजवळ तेवढंच शिल्लक असतं. याच्या अगदी उलट गोष्ट म्हणजे १९४७ मध्ये अमेरिकेत नाश्त्याच्या सिरियलबरोबर मुलांना मिळालेली स्पिंथॅरिस्कोपची अंगठी, तिच्यात पोलोनियम २१० होतं, अर्धायुष्य १३८ दिवस, त्यामुळे ती केव्हाच शांत झाली. असं जुनं घड्याळ हाताशी असेल तर काच न उघडता, अंधारात सरावलेल्या डोळ्यांनी भिंगातून नुसतं बघा, रंगात थोडा जरी जीव असेल तर त्यातच ठिणग्या दिसतात, काही बनवायचीसुद्धा गरज नाही.

बनवायचंच असेल तर माझं मत थोरियमकडे आहे. वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन कांड्यांत साधारण दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, धातूत पक्कं बसलेलं. दोन-तीन कांड्या शेजारी शेजारी पडद्याखाली ठेवायच्या, घासायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, नंतर हात धुवायचे. शाळेत किंवा कॉलेजात सीलबंद अल्फा सोर्स असेल तर शिक्षकांसमोर तो वापरा, अजून उत्तम.

थोरियमच्या ठिणग्या कमी असतात हे खरं, पण मला तर त्याच जास्त आवडतात. एक चमकते, मग बराच वेळ काहीच नाही, मग दोन लागोपाठ, परत शांत. कुठला अणू पुढचा हे कुणीही सांगू शकत नाही. थोरियम २३२ चा अर्धायुष्यकाल १४०० कोटी वर्षं, म्हणजे समोर चमकला तो अणू पृथ्वी तयार व्हायच्या आधीपासून थांबलेला असू शकतो किंवा थोरियम फुटून एकातून एक अणू बनत जातात त्या साखळीतला एखादा काही मिनिटांपूर्वी जन्मलेला असू शकतो, ठिणगी बघून काही कळत नाही. ठिणग्या दिसायला लागल्या की मध्ये कागद सरकवून बघा, एकदम बंद. कागद काढा, परत चालू. शाळेत पाठ केलेलं वाक्य असं समोर घडताना दिसलं की मुलं ते विसरत नाहीत.

तर हा प्रयोग छापाल तेव्हा साहित्याच्या यादीत पहिल्या ओळीत 'पूर्ण अंधार, अर्धा तास' असं लिहा, पावडर आणि भिंग त्याच्या खाली. आणि शेवटी स्वच्छ शब्दांत हेही छापा की काही दिसलं नाही तर आधी फटी झाका, मग पडद्याचा थर पातळ करा, मग सोर्स अजून जवळ आणा, पण सोर्स बदलू नका.

आपला,
एक नियमित वाचक