भरतीचे शेवटचे दोन तास

मालवण,
मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, तो रेंज गेली म्हणून नव्हे. तुझ्या आईने तुला तसे सांगितले असले तरी. सूर्य मावळताना तू एकटीच भाला घेऊन पाण्यात उतरलीस आणि १२० सेंटिमीटरचा किंगफिश घेऊन वर आलीस, हे तू इतक्या आनंदाने सांगत होतीस की मला रागावता येईना आणि ऐकवेनाही. म्हणून हे पत्र. यात फक्त वेळ आणि पाणी यांविषयीच लिहायचे, असे ठरवून बसलो आहे. टपालाने ते पोहोचेपर्यंत पंचमी उलटून जाईल, तेव्हा आई त्याचा फोटो काढून पाठवील.

आबांनी ओटीवर शिकवलेला हिशेब तुझ्या लक्षात असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा मुंबईकडचा हिशेब आहे, आपल्याकडे पाणी तासभर आधीच भरते, असे ते प्रत्येक वेळी वर जोडत. तुमच्या ऑकलंडला चंद्र तोच, म्हणून उधाणाचे आणि भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते ते, दिवसही तेच. फक्त तास निराळे. तू पाठवलेल्या तक्त्यावरून पाहिले, तर पौर्णिमा-अमावास्येला वायटेमाटा बंदराच्या बाजूला भरती सकाळी सात-आठच्या सुमारास होते आणि मग रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. शहराच्या दुसऱ्या अंगाला मानुकाऊ बंदर. मधली जमीन एका ठिकाणी जेमतेम दीड किलोमीटर रुंद, तरीही तिथे भरती सुमारे तीन तास उशिरा! हे मी दोन दिवस बंदरावर भेटेल त्याला सांगत होतो. एका किनाऱ्याची वेळ दुसऱ्याला लावू नकोस. उन्हाळ्यात तुमचे घड्याळ तासभर पुढे असते, तेव्हा तक्ता कोणत्या वेळेचा आहे, तेही पाहा.

भरतीच्या सहा तासांत पाणी सारखे चढत नाही. बारा भाग धरले, तर पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. तुमच्याकडे उधाणाला पाणी ३ मीटरपर्यंत चढते, म्हणजे मधल्या दोन तासांतच दीड मीटर. त्या वेळी खडकाच्या टोकाशी जी ओढ लागते, तिच्याशी झगडण्यातच माणसाचा दम संपतो. म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास धरावेत: ओढ कमी होत जाते, बाहेरचे निवळ पाणी आत आलेले असते, आणि पाणी थबकते त्या थोड्या वेळात मासा खडकालगत निवांत फिरतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडीतला गाळ बाहेर येतो आणि ओढही बाहेरचीच असते. दादूकाका सुकतीवरच गेला होता. त्याच्याइतके पाणी ओळखणारा माणूस आपल्या घरात दुसरा झाला नाही, आणि खडपावर त्या दिवशी कोणीही नव्हते.

ही गोष्ट मी काढणार नव्हतो.

संध्याकाळविषयी तुझे म्हणणे खोटे नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला मोठा मासा लहान माशांच्या मागे काठाला येतो. पण तीच वेळ शार्कच्याही शिकारीची, आणि मावळत्या उजेडात होडीवाल्याला तुझे डोके दिसत नाही. पहाटेचा उजेड निदान वाढत जातो. मासा कमरेला बांधू नकोस, दोरीने बोयाला लाव. खाली जितका वेळ राहशील, त्याच्या दुप्पट वर विश्रांती घे. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नयेत. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव उशिरा होते. मग वर येताना पाण्याचा दाब उतरतो तसा फुप्फुसातल्या प्राणवायूचा दाबही उतरतो, आणि शेवटच्या काही मीटरांत, कधी तोंड पाण्याबाहेर आल्यावरही, शुद्ध जाते. आधी काहीही जाणवत नाही. त्या क्षणी हनुवटी वर धरणारा माणूस जवळ हवा. दोघांपैकी एकाने खाली जावे आणि एकाने वर राहून पाहावे.

पुन्हा तिथेच आलो. शाळामास्तरासारखे लिहिले, राग मानू नकोस. हे सगळे तू तिथे रीतसर शिकली आहेस आणि मला त्यातले निम्मे तुझ्याकडूनच कळले.

तू सात वर्षांची असताना किल्ल्यामागच्या खडपावर शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला माझ्याबरोबर आली होतीस. मी बुडी मारली की तू मोठ्याने आकडे मोजायचीस, आणि चाळिसाच्या पुढे गेलीस की तुझा आवाज चिरकायचा. खाली मला तो ऐकू येत नसे, पण तू मोजते आहेस हे ठाऊक असे. एकदा मी मुद्दाम उशीर केला. वर आलो, तर तू रडत रडत मोजतच होतीस. त्या थट्टेची मला अजून लाज वाटते.

तुझ्या माशाचा फोटो मी मोठा करून आणला आहे. इथे सगळे त्याला सुरमई समजतात, कारण आपल्याकडे सुरमईलाच किंगफिश म्हणतात. मी प्रत्येकाला फरक सांगतो, ७५ सेंटिमीटरहून लहान मारायचा नाही हा तिथला नियमही सांगतो आणि आपला मासा त्याहून किती मोठा होता, तेही सांगतो. एकटीने मारला, हे मात्र सांगत नाही.

शनिवारी पंचमी आहे. उधाण उतरलेले असेल आणि भरती अकराच्या सुमारास पूर्ण होईल. नऊला उतरलीस तर ऊनही चांगले वर आलेले असेल. तू अकराला बाहेर येशील तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजले असतील. मी जागाच असतो, नुसती रिंग दिलीस तरी चालेल. आणि बोयाजवळ कोण थांबणार आहे, त्याचे नाव शुक्रवारीच कळव.

तुझा,
बाबा