दत्त्याला पत्र: ओलं फडकं अजून चालतं

पुणे, रविवार रात्र

प्रिय दत्त्या,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच तोंड घालून सगळी मजा घालवली असतीस, म्हणून लिहितोय. गाडी भर रस्त्यात बंद पडली, परत चालू होईना, आणि मी ती ओल्या फडक्याने चालू केली. हो, कार्ब्युरेटरची नव्हे, कॉम्प्युटरवाली इंजेक्शनची गाडी! घरात कुणाला यात काय विशेष तेच कळेना. मनू म्हणाली, "बाबा, चालू झाली ना? मग झालं तर." तुला कळेल.

तब्येती ठीक. माईची साखर आटोक्यात, माझ्या पाठीचं चालूच.

रोग जुनाच आहे. सकाळी अर्ध्या सेल्फात चालू, गावात काही तक्रार नाही. पण हायवेला पळवून आणली आणि मग उन्हात हळूहळू चालवायची वेळ आली की खटकन बंद. आचके नाहीत, काही नाही, कुणीतरी चावी काढून घ्यावी तशी. मग अर्धा-पाऊण तास सेल्फ नुसता फिरतो. थंड झाली की निमूट चालू. सर्व्हिसवाल्याने आधी पेट्रोल पंप बदलला, मग इग्निशन कॉइल. मल्टिमीटर एकदाही हातात घेतला नाही. उस्तादांनी असल्या पोराला गॅरेजातून हाकललं असतं. दोन्ही बिलं बघून सुनंदा म्हणाली, विकून टाका.

परवा साताऱ्याहून माईला घेऊन येत होतो. नवीन कात्रज बोगदा मागे पडला आणि नवले पुलाच्या उतारावर गर्दीत गेली बंद. तो उतार तुला सांगायला नको, मागून न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक येतात. क्लच दाबला नाही. गिअर तिसरा, त्यामुळे चाकांबरोबर इंजिन फिरत राहिलं आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही हातात राहिले. क्लच दाबला असता तर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधलं व्हॅक्यूम चार-दोन दाबांत संपून पॅडल घट्ट झालं असतं. आणि तेवढ्यात डॅशबोर्डकडे लक्ष गेलं. इंजिन फिरतंय, आणि आरपीएमचा काटा शून्यावर! दत्त्या, तिथेच मला चोर दिसला.

सर्व्हिस रोडला उतरवली आणि बॉनेट उघडलं. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंप दोन सेकंद गुणगुणला, म्हणजे पंपाला करंट येतोय. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरचा दिवा विझला, तीही शंका गेली. डिकीतला जुना प्लग कॉइलला लावून बॉडीला टेकवला आणि माईला सेल्फ मारायला बसवलं. माईने असा काही मारला की बॅटरीबद्दल प्रश्नच उरला नाही. ठिणगी नाही. दुसऱ्या कॉइलवरही नाही. नव्या-जुन्या सगळ्या कॉइल एकदम कशा जातील?

राहिला क्रँक सेन्सर. आपल्या वेळी डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट सांगायचे ठिणगी कधी टाकायची, आता हा फ्लायव्हीलचे दात बघून सांगतो. त्याची खबर बंद झाली की ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन थांबलंय, आणि तो ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही तोडतो. असा सेन्सर बिघडला की आतली बारीक तार तापली की सुटते, निवली की जुळते. स्कॅनरला दरवेळी कोड सापडेलच असं नाही.

आणि मला भाऊंची गाडी आठवली. खंबाटकीत व्हेपर लॉक झाला, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन ते अडलं, की भाऊ रुमाल भिजवून पेट्रोल पंपावर ठेवायचे आणि आपण दोघं दगड लावून बसायचो. माईच्या पाण्याच्या बाटलीतून फडकं भिजवलं, बेलहाउसिंगवरच्या, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या, त्या सेन्सरवर दाबून धरलं, वर थेंब थेंब सोडत राहिलो. पाचेक मिनिटांत माईने सेल्फ मारला. काटा हलला. चालू!

इंजेक्शन आलं, आता आपल्याला काम उरणार नाही, असं उस्तादांसमोर तूच म्हणाला होतास. किती भांडलो होतो आपण. तू चहा टाकून निघून गेलास, त्या चहाचे पैसे मी दिले, ते बाकी आहेत.

नाना पेठेतून नवा सेन्सर आणून बसवला. जुना स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून मीटर लावला. थंड असताना पाचशे ओहमच्या आसपास. मनूच्या हेअर ड्रायरने तापवत गेलो, आकडा चढला, मग नाचायला लागला, आणि एकदम सर्किट ओपन, म्हणजे तार सुटली. वारा दिला, परत आकडा. सुनंदालासुद्धा बोलावून दाखवलं.

पण झोप लागत नाही, कारण शुक्रवारी रात्री साताऱ्याहून गाडी मनू आणते, एकटी. सेन्सर गेलेला होता हे मी डोळ्यांनी बघितलं. पण त्याच्या कनेक्टरकडे येणारी वायर सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते, आणि तिचं कव्हर कडक झालंय, वाकवलं की तडकतं. तिला नवी स्लीव्ह घातली, लांबून फिरवली. तरीही. सकाळच्या गारव्यात गाडी पळते, त्याला काय किंमत? पूर्वीही पळतच होती. ती तापवून, गर्दीत रखडवून बघितल्याशिवाय मी मनूच्या हातात चावी देणार नाही. ती चिडलीय, चिडू दे.

चिन्मयचं ठरलं हे वहिनींकडून कळलं, फार आनंद झाला. लग्नाआधी गुडघ्याचं उरकून घे. पुराचं पाणी यंदा घरापासून लांब राहिलं, बरं झालं.

तर येत्या रविवारी ये. भर दुपारी खेड शिवापूरपर्यंत पळवू, येताना जुन्या कात्रज घाटाने दुसऱ्या गिअरवर रखडवू, वर थांबून आयडलला ठेवू. तू चालव, मी स्कॅनरवर आरपीएम बघत बसतो. बंद पडली तर वायरिंग उघडायला आपण दोघं आहोत. तुझा मीटर घेऊन ये, माझ्या प्रोबची वायर तुटायला आलीय. आणि माईने भडंग सांगितलंय, जास्त तिखट नको.

तुझा,
सुऱ्या