‘तिकडे जमले नाही म्हणून’ कॅनडा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावर फुटबॉलपटू सॉलोमन एलिमिमियनवरचा लेख वाचला. कॅनडातल्या फुटबॉलला (अमेरिकन धाटणीचा, चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ) मराठी दैनिकात पाव पान मिळाले याबद्दल आधी आभार. आता तक्रार. ‘अमेरिकेत जमले नाही म्हणून त्याने कॅनडाची वाट धरली’ असे लेखकाने दुसऱ्याच वाक्यात ठोकून दिले आहे आणि पुढची सगळी कारकीर्द त्याच खुंटीला टांगली आहे.

२००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतले व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, त्याला कोणी घेतले नाही, हे खरेच. पण २०१० मध्ये तो व्हँकुव्हरच्या बीसी लायन्स संघाकडे आला आणि त्याच हंगामात कॅनडाच्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या वर्षी ग्रे कप, म्हणजे लीगचे विजेतेपदही जिंकले. २०१४ मध्ये १४३ टॅकल करून (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणे म्हणजे टॅकल) त्याने जे. सी. शेरिटचा एका हंगामातला १३० चा विक्रम मोडला आणि वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू झाला. १९५३ पासून दिला जाणारा हा पुरस्कार निव्वळ बचावात खेळणाऱ्याला मिळाला तो तेव्हा पहिल्यांदा. तुमच्या लेखात या सगळ्याचे ‘अनेक पुरस्कार पटकावले’ एवढेच झाले आहे. जागा कमी पडली असेल, समजू शकतो. ‘जमले नाही’ला मात्र जागा होती.

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. मी व्हँकुव्हरजवळ सरेला राहतो. पुण्यात लग्नाला आलो की कोणीतरी काका विचारतातच, ‘कॅनडा का रे? अमेरिकेचं जमलं नाही वाटतं?’ मागच्या खेपेला तर एका मेव्हण्याने व्याही मंडळींसमोर ‘हा आमचा वेटिंग लिस्टवाला’ अशी ओळख करून दिली. सगळे खो खो हसले. हातातला मठ्ठा संपवून मी उठलो. नात्यातला माणूस, बोलणार काय? आपल्या दैनिकाशी सोयरीक नाही, म्हणून लिहितो आहे.

इथले मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, म्हणजे अमेरिकेतल्यापेक्षा चांगलेच ऐसपैस. त्यात समोरचे रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे गडी, खेळी सुरू होऊन चेंडू सुटायच्या आधीच पळत अंगावर येतात, नियमच तसा आहे. एवढी जागा मधल्या लाइनबॅकरने, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या एलिमिमियनसारख्या गड्याने राखायची. बीसी प्लेस या घरच्या मैदानात लायन्सकडे चेंडू असला की प्रेक्षक चिडीचूप. तो समोरच्यांकडे गेला की कानठळ्या बसतील असा गोंगाट, कारण त्यांच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे खेळी पुकारून चेंडू फेकणाऱ्याची हाक त्याच्याच गड्यांना ऐकू जाता कामा नये. त्या कल्लोळात एलिमिमियन गुडघ्यात वाकून उभा असायचा. चेंडू घेऊन पळणारा रांगेतल्या फटीत घुसेपर्यंत हा तिथे हजर. आपल्याकडे कबड्डीच्या बातमीत फोटो चढाईपटूचा आणि पकड करणाऱ्याचे नाव शेवटच्या परिच्छेदात, मग या माणसाच्या टॅकलची मातब्बरी कोणाला वाटणार म्हणा!

२०१५ मध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली. २०१६ मध्ये परत येऊन तो पुन्हा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, २०१७ मध्ये १४४ टॅकल करून स्वतःचाच विक्रम मोडला. पुढे खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, आता हॉल ऑफ फेममध्ये आहे. अमेरिकेत न जमलेल्यांची यादी करायचीच असेल तर लेखकाने खुशाल करावी. त्यात माझेही नाव घालावे, मेव्हण्याला कात्रण पाठवीन.

कळावे,
एक वाचक, सरे (ब्रिटिश कोलंबिया)

ता. क. : लेखासोबतचा फोटो कॅनडातला नाही. त्यात गोलचे खांब एंड झोनच्या, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला दिसतात. इथे ते पुढे, गोलरेषेवर असतात. २०२७ पासून इथलेही खांब मागे सरकवायचे लीगने जाहीर केले आहे. फोटो तोवर राखून ठेवला असता तर खपून गेला असता.